तक्रार, तारखा आणि दावा

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. रात्रपाळीला इमर्जन्सीत एकच डॉक्टर ठेवण्याबद्दल तू वरिष्ठांशी बोललास आणि तीन आठवड्यांतच तुझ्या कामाची चौकशी सुरू झाली, याचे मला दुःख झाले, आश्चर्य मात्र वाटले नाही. काढून टाकले तर दावा लावावा का, या तुझ्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी तुझ्या परिस्थितीशी जुळणारा एक खटला सांगतो.

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, ओव्हरलँड पार्क येथील रुग्णालयात डॉ. रेमंड ब्रोव्हाँट हे इमर्जन्सीचे वैद्यकीय संचालक होते. मात्र त्यांची नेमणूक रुग्णालयाची नव्हती, तर डॉक्टर पुरवणाऱ्या एमकेअर या कंपनीच्या गटाची होती. इतर कोणत्याही वॉर्डात कोड ब्लू झाला, म्हणजे एखाद्या रुग्णाचे हृदय किंवा श्वास बंद पडल्याची हाक आली, की इमर्जन्सीतील डॉक्टरनेच तिकडे धावायचे, अशी तिथली पद्धत असल्यामुळे रात्री एकटा डॉक्टर असताना मागे सगळा विभाग डॉक्टरविना राहत असे. सहकाऱ्यांचे हे म्हणणे त्यांनी वर लेखी कळवले. नफा सर्वांच्याच हिताचा असतो, अशा अर्थाचा ईमेल वरून आला आणि जानेवारी २०१७ मध्ये त्यांना काढून टाकण्यात आले. २०१८ मध्ये मिसूरीतील ज्यूरीने त्यांना २ कोटी ९० लाख डॉलर देवविले. पुढे ती रक्कम सुमारे २ कोटी ६० लाखांवर आली.

हा आकडा ऐकून तरुण डॉक्टरांचे डोळे विस्फारतात, पण मला त्या खटल्यातला लेखी व्यवहार अधिक मोलाचा वाटतो. रात्री किती डॉक्टर असावेत, हा अशा दाव्यातला मुख्य प्रश्न नसतोच. तू रुग्णांच्या सुरक्षेबद्दल बोललास, ते मालकाला ठाऊक होते आणि त्याच कारणाने तुझ्यावर आकसाने कारवाई झाली, एवढे सिद्ध करावे लागते. ‘तक्रार केली म्हणून काढले’ असे कोणताही मालक लिहून देत नाही. तो ‘वर्तणूक’ किंवा ‘संघभावनेचा अभाव’ लिहितो. मग उरतो तो तारखांचा क्रम. मी स्वतः तुझ्या वयाचा असताना एका रुग्णालयात सगळे तोंडीच बोललो आणि निकड आली तेव्हा माझ्या हाती चिठोरेही नव्हते.

दुसरी गोष्ट, तुझा मालक नेमका कोण, हे करार काढून वाच. लंडनच्या वूलिचमधील क्वीन एलिझाबेथ रुग्णालयात २०१४ साली डॉ. ख्रिस डे यांनी अतिदक्षता विभागातील रात्रीच्या अपुऱ्या डॉक्टरांबद्दल तक्रार केली. त्यांचे प्रशिक्षण सांभाळणारी संस्था म्हणाली की आपण त्यांचे मालकच नाही. कायद्याचे संरक्षण या संस्थेविरुद्धही लागू होऊ शकते, एवढेच अपील न्यायालयात ठरायला मे २०१७ उजाडला. मूळ तक्रारीची सुनावणी पुढेच होती. नंतरच्या, २०२२ मधील सुनावणीच्या काळात रुग्णालय चालवणाऱ्या ट्रस्टच्या एका अधिकाऱ्याने हजारो ईमेल पुसून टाकल्याचे उघड झाले. म्हणून आपल्या नोंदी आपल्यापाशी असाव्यात. रुग्णांचे कागद मात्र स्वतःच्या ईमेलवर कदापि पाठवू नकोस. गैरप्रकाराबद्दल वकिलाला किंवा देखरेख यंत्रणेला माहिती देण्याची मुभा हिपा या रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेच्या अमेरिकी कायद्यात आहे, पण त्या वाटेने वकिलाच्या सल्ल्यानेच जावे.

तिसऱ्या गोष्टीची मला सर्वांत जास्त काळजी आहे. रागाच्या भरात राजीनामा देऊ नकोस. चौकशी चालू असताना डॉक्टरने रुग्णालयातील आपले प्रॅक्टिसचे अधिकार सोडले, तर रुग्णालयाला त्याची नोंद नॅशनल प्रॅक्टिशनर डेटा बँकेत, म्हणजे डॉक्टरांवरील कारवायांच्या सरकारी नोंदवहीत, करावी लागते, आणि पुढे अर्ज करशील त्या प्रत्येक रुग्णालयाला ती दिसते. दावा जिंकूनही ती नोंद आपोआप पुसली जात नाही. शिवाय तू एच-वन-बी या नोकरीशी बांधलेल्या व्हिसावर आहेस. नोकरी गेली तर अमेरिकेत राहण्यासाठी जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि जे-वन व्हिसानंतर मायदेशी न परतण्याच्या सवलतीपोटी करायच्या नोकरीची तीन वर्षेही तुझी अजून पुरी व्हायची आहेत. तेव्हा रोजगार कायद्याचा एक आणि इमिग्रेशनचा एक, असे दोन वकील तुला लागतील. रुग्णालयाचा वकील कितीही गोड बोलला तरी तो रुग्णालयाचाच.

मुदती सारख्या नसतात. सरकारी पैशाच्या अपहारावर बोट ठेवल्याबद्दल आकसाची कारवाई झाली, तर फॉल्स क्लेम्स अॅक्टखाली तीन वर्षे मिळतात, आणि बुडालेल्या पगाराच्या दुप्पट रक्कम मागता येते. कामाच्या जागेच्या सुरक्षिततेबद्दल बोलल्यामुळे आकसाची कारवाई झाल्याची तक्रार ओशा या कामगार सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेकडे न्यायची तर अवघे ३० दिवस. तुझा प्रश्न यांपैकी कशात बसतो, की राज्याच्या कायद्यात, हे वकीलच सांगेल. निघताना हातात ठेवलेल्या करारावर, त्यात कितीही पगार देऊ केलेला असो, तुझ्या वकिलाने वाचल्याशिवाय सही करू नकोस.

दावा लावावा का, याचे उत्तर मी आज देत नाही. त्याआधी, त्या दिवशी तू तोंडी जे बोललास ते तारीख, वेळ आणि उपस्थितांच्या नावांसह वरिष्ठांना ईमेलने कळव. विशेषणे नकोत. पाठवण्यापूर्वी मसुदा मला दाखव. रविवारी दिवसभर मी घरीच आहे.

तुझा,
जुना शिक्षक