मन लागत नाही, की अंगात त्राण उरलं नाही?

‘मोटिव्हेशन कमी पडतंय’ हे वाक्य माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पत्रात असतं. विद्यापीठातले कर्मचारी लिहितात, स्वतःचा व्यवसाय करणारेही लिहितात. खोलात गेलं की मूळ तक्रार बहुतेकदा वेगळीच निघते. म्हणून या वेळी काही प्रश्न एकत्र घेते.

प्रश्न : विद्यापीठाच्या परीक्षा विभागात अकरा वर्षं आहे. पगार वाढला तर कामाची इच्छा वाढेल का?

थोडे दिवस वाढेल. अपुऱ्या पगाराने माणूस नाराज होतो, पण पगार वाढला म्हणून कामाची ओढ लागतेच असं नाही, हे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्येच मांडलं होतं.

प्रश्न : मी विभागप्रमुख आहे. शोधनिबंधामागे रोख बक्षीस ठेवलं. निबंध दुप्पट झाले, पण वाचवत नाहीत.

तुम्ही संख्या मोजलीत, संख्या मिळाली. सेरासोली या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये चाळीस वर्षांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात कामाच्या दर्जाशी आतून येणाऱ्या आवडीचं नातं अधिक घट्ट दिसलं आणि संख्येशी बक्षिसाचं. पण बक्षीस एका परिपत्रकाने बंद करू नका, लोकांना ती शिक्षा वाटेल. आधी प्रत्येकाशी बोला. एखाद्याला आठवड्यातल्या दोन सलग मोकळ्या सकाळी हव्या असतील, आणि त्या देणं तुमच्या हातात असेल.

प्रश्न : भरतीच्या वेळी दहा मिनिटांची ऑनलाइन ‘मोटिव्हेशन टेस्ट’ घ्यावी का? विकणारे अचूक टक्केवारी सांगतात.

नको. घ्यायचीच असेल तर ती कोणावर, कशी पडताळली ते लेखी मागा आणि कागद मानसशास्त्रज्ञाला दाखवा.

प्रश्न : चार वर्षांपूर्वी नोकरी सोडून व्यवसाय सुरू केला. आधी झपाटल्यासारखं काम केलं. आता आठ महिने ग्राहकाचा मेल उघडतो, वाचतो, उत्तर न देता बंद करतो. झोप तुटक आहे. मित्र म्हणतो, पहाटे चारला ऊठ आणि प्रेरणा शिबिराला ये. जाऊ का?

आधी डॉक्टरांकडे जा. तेही याच आठवड्यात.

तुमच्यात जिद्द नसती तर ती पहिली वर्षं निघाली नसती. तुम्ही जे लिहिलंय ते मला थकव्यासारखं वाटतं. कामाच्या ताणातून येणाऱ्या अशा थकव्याला बर्नआउट म्हणतात. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी त्याच्या तीन खुणा सांगितल्या आहेत : पार गळून जाणं, कामाबद्दल तुटकपणा येणं आणि आपल्याने काही होत नाही असं वाटणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याला कामाच्या ठिकाणच्या, न आवरलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम म्हटलं आहे, आजार म्हटलेलं नाही. पण थायरॉईडचा त्रास, रक्तक्षय आणि नैराश्य हे आजार आहेत आणि बाहेरून अगदी असेच दिसतात. पत्र वाचून कोणीही त्यातला फरक सांगू शकत नाही, मीसुद्धा नाही.

माझ्याकडे एक उद्योजक बाई आल्या होत्या. टेबलावर पाच वह्या ठेवल्या, पाच शिबिरांच्या. प्रत्येकीत पहिली चार पानं सुबक अक्षरात भरलेली, पुढे सगळी कोरी. त्या स्वतःला आळशी म्हणत होत्या. रक्त तपासायला पाठवलं, तर हिमोग्लोबिन सातच्या आसपास, म्हणजे फारच कमी. दीड वर्ष त्यांनी स्वतःला दोष देण्यात घालवलं होतं आणि पाचही शिबिरांत एकानेही ‘झोप लागते का?’ एवढं विचारलं नव्हतं. या गोष्टीचा मला आजही राग येतो. थकलेल्या माणसाला आणखी जोर लाव म्हणायचं आणि जमलं नाही की पुढच्या पातळीचं शिबिर विकायचं!

पहाटे चारचा गजर लावू नका, तुटलेली झोप आणखी तुटेल. जगणंच नको असे विचार येत असतील तर आठवडाही थांबू नका, आजच घरच्या कोणाला तरी सांगा आणि डॉक्टर गाठा.

प्रश्न : माझ्या कंपनीतल्या सहा जणांना माझ्याइतकी तळमळ का नाही?

कंपनी तुमची आहे म्हणून. त्यांना काम येतं का, करावंसं वाटतं का आणि तुम्ही ते करू देता का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. तिसऱ्यापासून सुरुवात करा. आठवडाभर कोणकोणते निर्णय तुमच्या होकारासाठी अडले ते लिहून काढा आणि कोणाला काढून टाकण्याआधी ती यादी एखाद्या जाणकार सल्लागारापुढे ठेवा.