हलाल उद्योग उभारायचा तर आधी पैसा कुठे घालावा?

प्रश्न असा होता: एखाद्या देशाला शेजारी देशांत आणि पुढे जगभर विकता येईल असा हलाल उद्योग उभारायचा असेल, तर आधी खर्च कशावर करावा? आधुनिक कत्तलखाने, खास औद्योगिक वसाहती, की परदेशातली प्रदर्शनं? माझ्या मते यातलं एकही आधी नको. आधी प्रमाणपत्र देणारी यंत्रणा बसवा.

कारण हलालपणा मालावर दिसत नाही. मांसात डुकराचा अंश आहे का, हे डीएनए चाचणी सांगते. पण जनावर कसं कापलं, हे गोठवलेल्या तुकड्यावरून कुठलीच प्रयोगशाळा सांगू शकत नाही. जिलेटिनसारख्या खूप प्रक्रिया झालेल्या पदार्थात तर डीएनए इतका तुटलेला असतो की चाचणीचाही भरवसा राहत नाही. खरेदीदार शेवटी कागदावर विसंबतो, आणि कागदाची पत त्यामागच्या तपासणीवर ठरते.

2001 मध्ये इंडोनेशियात अजिनोमोटोचं प्रकरण गाजलं. त्यात तयार मालाबद्दल तक्रार नव्हती. तो बनवणाऱ्या जिवाणूंना जे पोषक द्रव्य लागतं, ते तयार करताना डुकरापासूनचं एन्झाइम वापरलं गेलं होतं. तिथल्या उलेमा परिषदेने, म्हणजे मुस्लिम धर्मपंडितांच्या संस्थेने, उत्पादन हराम ठरवलं, बाजारातला माल परत बोलवावा लागला, कंपनीच्या काही अधिकाऱ्यांना अटकही झाली. म्हणून तपासनीसाने पुरवठादाराच्याही पुरवठादारापर्यंत जायला हवं. एन्झाइम, इमल्सिफायर, ग्लिसरीन, कॅप्सूलचं कवच... घोळ बहुतेकदा इथेच होतो, आणि नव्याने सुरुवात करणारे देश नेमके इथेच दुर्लक्ष करतात.

मलेशियाने हे लवकर ओळखलं. तिथे प्रमाणपत्र जाकिम हा सरकारी धर्मविभाग देतो, नियम एमएस 1500 या राष्ट्रीय मानकात लिहिलेले आहेत, आणि उद्योगवाढीसाठी 2006 मध्ये एचडीसी हे वेगळं महामंडळ काढलं. 2008 मध्ये प्रमाणपत्राचं कामही एचडीसीकडे दिलं होतं, पण पुढच्याच वर्षी ते जाकिमकडे परत गेलं. मला ही फारकत फार महत्त्वाची वाटते. निर्यात वाढवण्याचं उद्दिष्ट ज्याच्या डोक्यावर आहे, त्याच्याच हातात शिक्का देऊ नये. नियमही मोघम नकोत. पूर्वी डुकराच्या मालासाठी वापरलेली यंत्रं हलालसाठी घ्यायची, तर ती सात वेळा धुवायची आणि त्यातली एक धुणी माती कालवलेल्या पाण्याची, इतकं स्पष्ट मलेशियात लिहिलेलं आहे. कामगाराला आणि तपासनीसाला वाद घालायला जागाच राहत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे जगभर चालणारं एकच हलाल मानक अजून नाही. इस्लामी सहकार्य संघटनेच्या स्मिक या संस्थेचं वेगळं, आखाती देशांचं वेगळं, मलेशियाचं वेगळं. कापण्याआधी जनावराला बधिर करणं कुठे अटींसह चालतं, कुठे अजिबात नाही. त्यामुळे आधी बाजार ठरवा आणि त्या देशाकडून आपल्या प्रमाणन संस्थेला मान्यता मिळवा. ही मान्यता नसेल तर उत्तम मालही बंदरात अडकतो. इंडोनेशियाने 2014 च्या कायद्याने हलाल प्रमाणपत्र टप्प्याटप्प्याने सक्तीचं करायला घेतलं, त्यामुळे तिथे विकणाऱ्यांना तर हे टाळताच येणार नाही.

मुस्लिमबहुल देश असण्याची अट मात्र नाही. ब्राझील हलाल कोंबडीच्या निर्यातीत अग्रभागी आहे. थायलंडने चुलालाँगकॉर्न विद्यापीठात हलाल विज्ञान केंद्र उभारून प्रयोगशाळेची बाजू भक्कम केली.

छोट्या उत्पादकांचा विचार पहिल्या दिवसापासून करा. तपासणीचं शुल्क आणि कागदपत्रं यांनी ते आधी बाहेर फेकले जातात, आणि मोठ्या कंपन्यांपुरताच उद्योग उरतो. इंडोनेशियाने साध्या, कमी जोखमीच्या पदार्थांसाठी सूक्ष्म उद्योगांना स्वयंघोषणेची वाट दिली आहे. तसं काही करायचं असेल तर ते देशांतर्गत बाजारापुरतं ठेवा. निर्यातीच्या मालाला प्रत्यक्ष तपासणीच हवी.