बेळगाव जिल्ह्याचा निसर्ग दोन दिवसांत पाहायचा तर कुठून सुरुवात करावी?

पश्चिमेकडून. जिल्हा डोंगराकडून पठाराकडे उतरत जातो: खानापुरात धो धो पाऊस, तर अथणी-रायबागकडे काळी माती आणि कोरडं माळरान. हा फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर सप्टेंबर गाठा. जुलैत धुक्यामुळे जांबोटीच्या पुढे रस्ताच दिसत नाही, नजारा कुठला दिसणार!

पहिला दिवस बेळगाव–जांबोटी–कणकुंबी. कणकुंबीत माऊली देवळाजवळ मलप्रभेचा उगम आहे. ती पूर्वेला कृष्णेकडे जाते, तर याच खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई पश्चिमेला गोव्याकडे. जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे सपाट खडकाळ माथ्यांवर, रानफुलं असतात. कडेकडेनं चाला, गाडी वर घालू नका, तिथली माती जेमतेम बोटभर असते. झाडीत जळवा लागतात. ओढून काढू नका, मीठ लावा. भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नका.

दुसऱ्या दिवशी गोकाक, साधारण ६० किलोमीटर. घटप्रभा इथे सुमारे ५२ मीटर खाली कोसळते. मार्च-एप्रिलात गेलेले बहुतेक जण हिरमुसून येतात, कारण वर हिडकल धरण आहे आणि धुपदाळच्या बंधाऱ्यातून पाणी कालव्यांना जातं. मग उरतो नुसता खडक. खरं तर खडकाचे थर तेव्हाच नीट दिसतात, पण ते ज्याच्या त्याच्या आवडीवर. पाणी असताना कड्यावरच्या शेवाळलेल्या दगडावर पाय ठेवू नका. वेळ उरला तर मार्कंडेय नदीवरचा गोडचिनमलकी धबधबा करा.