लिलावातील छायाचित्र आणि गिनीची अवस्था

प्रश्न : यंदा आखाजीला दागिन्याऐवजी १९१८ ची, मुंबई टाकसाळीत पाडलेली सोन्याची गिनी ऑनलाइन लिलावातून घेण्याचा विचार आहे. लिलावाच्या पानावर दोन्ही बाजूंचे एकेक छायाचित्र दिले आहे, वर्णनात ‘जवळजवळ न वापरलेली’ असे म्हटले आहे आणि बोली सोन्याच्या भावापेक्षा बरीच वर गेली आहे. केवळ छायाचित्रावरून नाण्याची अवस्था ठरवता येते का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : छायाचित्रावरून नाण्यातील दोष बऱ्यापैकी ओळखता येतात, परंतु दोष नाहीत, याची खात्री त्यावरून करता येत नाही. म्हणून छायाचित्राचा उपयोग नाणे नाकारण्यासाठी करावा आणि चांगल्या अवस्थेसाठी जास्तीचे पैसे मोजताना हात आखडता घ्यावा.

आधी नाण्याची ओळख पटवून घ्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनच्या राजटाकसाळीची शाखा मुंबईत थोडा काळ चालली आणि तेथे पाडलेल्या सुमारे १२.९५ लाख गिन्यांवर (लिलावात यांनाच ‘सॉव्हरिन’ म्हणतात) १९१८ हे एकच साल आहे. नाण्याच्या एका बाजूला राजा पंचम जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला सेंट जॉर्ज असतो. या घोड्याच्या पायाखालील जमिनीवर, सालाच्या बरोबर वर, रोमन ‘आय’ हे बारीक अक्षर असते. त्या वर्षी लंडनच्या टाकसाळीने सॉव्हरिन पाडलेच नाहीत आणि इतर शाखांची आपापली अक्षरे याच जागी असतात. त्यामुळे तेथे एकही अक्षर नसलेली १९१८ ची गिनी दिसली, तर पुढे पाहण्याची गरज नाही.

झीज नेहमी उंचवट्यांवर आधी दिसते. पंचम जॉर्जच्या बाजूला भुवई, मिशी, दाढी आणि कानावरील केस पाहावेत, तर दुसऱ्या बाजूला सेंट जॉर्जचे शिरस्त्राण, त्याची छाती, मांडी आणि घोड्याचा खांदा पाहावा. या जागा सपाट व गुळगुळीत दिसत असतील आणि भोवतालच्या पार्श्वभूमीपेक्षा त्यांची झळाळी वेगळी, मंद असेल, तर नाणे हातोहात फिरलेले आहे. याउलट केस अस्पष्ट असूनही त्यांच्यावर मूळची झळाळी कायम असेल, तर ठसाच कमजोर उमटलेला असण्याची शक्यता जास्त. गालावर किंवा मोकळ्या भागात इतस्ततः पडलेले छोटे खड्डे ही बहुधा एका थैलीतील नाणी एकमेकांवर आदळल्याची खूण असते. ती झीज नव्हे, आणि न वापरलेल्या नाण्यावरही ती असते. बावीस मिलिमीटरचे नाणे पडद्यावर तळहाताएवढे दिसते, तेव्हा असे खड्डे आहेत त्याहून भयंकर वाटतात, हेही ध्यानात घ्यावे.

खरी अडचण प्रकाशाची आहे. न वापरलेल्या नाण्याची झळाळी नाणे हलवले की वर्तुळाकार फिरते आणि एका स्थिर छायाचित्रात ती पकडता येत नाही. समोरून झगझगीत प्रकाश टाकला, की कापडाने पुसल्याचे समांतर बारीक ओरखडे नाहीसे होतात. प्रतिमा दाबून लहान केली, तरी तोच परिणाम होतो. सगळीकडे एकसारखी चमक, पण अक्षरांच्या कोपऱ्यांत काळसर मळ, असे दिसल्यास नाणे घासलेले आहे असे समजावे. तांबूस ठिपक्यांना मात्र घाबरू नये. बावीस कॅरेटच्या मिश्रणातील तांब्यामुळे ते पडू शकतात. विक्रेत्याकडे तिरप्या प्रकाशातील, नाणे सावकाश फिरवत घेतलेली चित्रफीत मागावी आणि व्हॉट्सॲपवर छायाचित्रे मागवायची असल्यास ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवण्यास सांगावे, म्हणजे बारकावे टिकतात. एवढ्याशा विनंतीवर विक्रेता कुरकुर करू लागला, तर मी तरी बोली लावणार नाही.

आपल्याकडील गिन्यांबाबत एक गोष्ट विशेष जपावी लागते. त्यांतील पुष्कळ गिन्या माळेत किंवा लॉकेटमध्ये बसल्या होत्या. कडी काढून जागा कानशीने सपाट केली, की समोरच्या छायाचित्रात काही कळत नाही. खूण कडेवर राहते. बहुधा राजाच्या डोक्याच्या वरच्या बाजूला डाखेचा वेगळ्या रंगाचा थर, तुटलेले दाते किंवा किंचित वाकलेला काठ सापडतो. कडेचे छायाचित्र लिलावात सहसा देत नाहीत, म्हणून ते मागूनच घ्यावे.

नाणे मानांकन संस्थेच्या (नाण्याची अवस्था तपासून तिला अंक देणाऱ्या संस्थेच्या) सीलबंद प्लास्टिकमध्ये असेल, तर तिच्या संकेतस्थळावर प्रमाणपत्राचा क्रमांक पाहावा. तेथे छायाचित्र असल्यास खड्ड्यांच्या जागा जुळवून पाहाव्यात. अक्षरांवरून थेट काठाबाहेर गेलेला ओरखडा नाण्यावर नसून प्लास्टिकवर असतो. अशा संस्थांच्या १ ते ७० च्या मोजपट्टीवर ६० पासून पुढचे अंक न वापरलेल्या नाण्यांना मिळतात. ५८ आणि ६२ यांतला फरक एका छायाचित्रावरून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

जळगावच्या सराफ बाजारात मशीनवर शुद्धता तपासून मिळेल, पण त्याने अवस्था कळत नाही आणि अस्सलपणाही पूर्ण सिद्ध होत नाही, कारण सॉव्हरिनच्या नकली प्रती योग्य कसाच्या सोन्यातही बनवल्या गेल्या आहेत. वजन ७.९८८ ग्रॅम आणि व्यास २२.०५ मिलिमीटर, ही मापे मात्र जरूर ताडून पाहावीत. नाणे कसोटीच्या दगडावर घासू देऊ नये. त्या एका रेघेने आपण मोजलेले जास्तीचे पैसे वाया जातात.

राहिली किंमत. गिनीत शुद्ध सोने ७.३२ ग्रॅम असते. त्या दिवसाच्या भावाने त्याची रक्कम काढावी. त्यापुढची रक्कम आपण अवस्थेसाठी आणि संग्राहकांच्या मागणीसाठी देत असता. ती वर्णनातल्या अवस्थेच्या नव्हे, तर तिच्या एक पायरी खालच्या अवस्थेच्या हिशेबाने द्यावी. आपल्या प्रश्नातील दोनच छायाचित्रांवर ‘जवळजवळ न वापरलेली’ हे मी मान्य करणार नाही.

प्रश्न : आजीच्या माळेतील कडी लावलेली गिनी पॉलिश करून लिलावात द्यावी का?
— एक वाचक, शहादा

उत्तर : पॉलिश करू नये आणि कडीही स्वतः काढू नये. डाखेमुळे संग्राहकांच्या दृष्टीने नाण्याची किंमत आधीच उतरली आहे. घासल्याने ती आणखी उतरेल. कडी आहे हे वर्णनात स्पष्ट लिहावे आणि खिडकीतून येणाऱ्या तिरप्या उजेडात, फ्लॅश न वापरता, दोन्ही बाजू आणि संपूर्ण कड यांची छायाचित्रे द्यावीत.