दोन मशिन्स, एकच आकडा

दोन मशिन्स मेमरीतली एकच व्हॅल्यू बदलत असतील, तर कोणता बदल धरायचा? आधी घड्याळावरचा विश्वास सोड. नवीन माणूस हमखास तिथेच अडकतो: त्याला वाटतं, ज्याचा टाइमस्टँप (लिहिताना नोंदलेली वेळ) नंतरचा ते खरं. पण दोन मशिन्सची घड्याळं तंतोतंत जुळत नाहीत. थोडं पुढे धावणारं मशीन दुसऱ्याने नंतर लिहिलेलं गुपचूप पुसून टाकतं आणि एररसुद्धा येत नाही. (माझे दोन दिवस यातच गेले होते.)

संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्येच मांडलं होतं की खरी गरज क्रमाची आहे. प्रत्येक मशीन स्वतःचा काउंटर ठेवतं, मेसेजसोबत पाठवतं. मेसेज घेणारं मशीन दोन्हींतला मोठा आकडा घेऊन त्यात १ मिळवतं. मात्र दोन बदल एकमेकांच्या नकळत झाले का, हे त्यावरून ओळखता येत नाही. त्यासाठी व्हेक्टर क्लॉक, म्हणजे प्रत्येक मशीनकडे सगळ्या मशिन्सच्या काउंटरांची यादी.

कॉन्फ्लिक्ट (असे नकळत झालेले दोन बदल) कळला, आता सोडवायचा कसा? ते डेटावर ठरतं. दोघांनी १० वाचलं, दोघांनी ११ लिहिलं, की एक वाढ हरवली. इथे '११ लिही' ऐवजी '१ वाढव' असं पाठव. बेरजेला क्रम लागत नाही. फक्त प्रत्येक मेसेजला आयडी दे, नाहीतर दोनदा पोचलेला दोनदा मोजला जाईल. हे जमत नसेल तिथे व्हर्जन नंबर: मी वाचलेली ७ वी आवृत्ती अजून तशीच असेल तरच लिही, नाहीतर पुन्हा वाच.

लॉककडे, म्हणजे एका वेळी एकाच मशीनला लिहू देणाऱ्या कुलपाकडे, सगळ्यात शेवटी वळ. लॉक धरलेलं मशीन बंद पडलं की बाकीचे ताटकळतात. मुदत घातलीस, तर मध्येच थबकलेलं मशीन मुदत उलटल्यावर जागं होतं आणि बिनधास्त लिहितं. म्हणून दर वेळी लॉक देताना त्यासोबत चढता क्रमांक दे. जुना क्रमांक आला तर स्टोरेजनेच तो नाकारला पाहिजे.