भाऊ आईला मारतो. घर त्याच्या नावावर, माझं लग्न झालेलं. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा मुलाविरुद्ध चालतो का?

चालतो. हा कायदा फक्त सुनांसाठी आहे असं कोणी तुम्हाला सांगितलं असेल, तर त्यानं तो वाचलेला नाही. २००५ च्या या कायद्यात रक्ताच्या, लग्नाच्या किंवा एकत्र कुटुंबाच्या नात्यानं एका घरात राहणारी कुठलीही बाई दाद मागू शकते. मग ती आई असो, बहीण असो, विधवा भावजय असो. सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा हिरल हरसोरा निकाल तर आई आणि मुलीनं मिळून मुलगा-सुनेवर केलेल्या तक्रारीतूनच आला.

आमच्या घरी हेच घडलं म्हणून लिहितेय. वडील गेल्यावर वर्षश्राद्धाच्या आत काकांनी आईच्या आणि माझ्या हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या. "दादा काय परका आहे का?" म्हणाले. उताऱ्यावर एकट्या दादाचं नाव लागलं. पुढे दारू वाढली, आईच्या पेन्शनचं पासबुक आणि एटीएम कार्ड त्याच्या खिशात गेलं. एका दिवाळीत गेले तर आईचा हात मनगटाच्या वर काळानिळा. "मोरीत पाय घसरला," म्हणाली. घसरून पडलेल्या माणसाच्या हातावर चार बोटं उमटत नाहीत.

चौकीत अदखलपात्र नोंद झाली. हवालदारांनी दादाला बोलावून आईच्या पाया पडायला लावलं आणि "मायलेकरांचं कसलं भांडण" म्हणत दोघांना घरी पाठवलं. त्याच रात्री त्यानं आईचं अंथरूण अंगणात फेकलं. काकांना फोन केला तर उलट मलाच ऐकवलं, "हक्कसोड केलेल्या पोरीनं माहेरात तोंड घालू नये. तुझा डोळा इस्टेटीवर आहे."

शेवटी आईला घेऊन या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे गेले. बाई शांतपणे अहवालाचा फॉर्म भरत होत्या. कधी मारलं, कशानं मारलं, कोणी पाहिलं. मग विचारलं, "पैसे काढून घेतले का?" आई म्हणाली, "घेतले, पण ते मारणं थोडंच आहे?" बाईंनी पेन खाली ठेवलं आणि सांगितलं की आजी, तेही हिंसाचारातच धरतात. त्यानंतर आई जे बोलायला लागली, ते मीसुद्धा पहिल्यांदाच ऐकत होते.

तिला एकच भीती होती, पोराच्या हातात बेड्या पडतील. तुमच्या आईलाही तीच असणार, म्हणून हे नीट समजावून सांगा. या अर्जानं अटक होत नाही. दंडाधिकारी आदेश देतात: हात उचलायचा नाही, घराबाहेर काढायचं नाही, कागदपत्रं परत द्यायची, खर्चाला पैसे द्यायचे. तो आदेश मोडला तर मात्र गुन्हा होतो. एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे कळल्यावर आईनं सही केली. निकालाआधीच्या अंतरिम आदेशानं तिचं पासबुक परत आलं, तिची खोली तिला मिळाली.

घर कोणाच्या नावावर आहे याची काळजी करू नका. राहण्याचा हक्क मालकीवर अवलंबून नाही, कलम १७ तेच सांगतं. आणि तुम्ही लग्न झालेल्या असलात तरी आईच्या वतीनं अर्ज करू शकता, कायदा ती मुभा कोणालाही देतो. वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जा, बाईमाणसाला तिथे उत्पन्नाची अट नाही.

राहिले काका. माझा डोळा इस्टेटीवर असता तर मी सही केलीच नसती. मी सगळं सोडलं म्हणूनच आईसाठी भांडण्याचा हक्क मला सगळ्यांत जास्त आहे. ज्यांनी एका विधवेचं नाव उताऱ्यावरून पुसायला लावलं, त्यांनी तिला घरातून ढकललं जात असताना "घरातलं घरात मिटवा" म्हणू नये. वाचणाऱ्या प्रत्येक बहिणीला सांगते, आपला हिस्सा सोडायचा तर खुशाल सोडा, पण आईचा सोडू देऊ नका.

आता काही गोष्टी आधीच माहीत असू द्या. पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत असं कायद्यात लिहिलंय, आमचं वर्ष उलटलं. भावाला घराबाहेर जायचा आदेश होऊ शकतो, पण भावजयीला तसं काढता येत नाही. गेलेली मालकी या अर्जानं परत मिळत नाही. फक्त पोटगी हवी असेल तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, महिना जास्तीत जास्त दहा हजार. आणि मार लागलाय तर आजच सरकारी दवाखान्यात नेऊन केसपेपर काढा, त्यावर "मुलानं मारलं" असं लिहून घ्या. आई "घसरले" म्हणेल. तुम्ही शेजारी उभ्या राहा.