भूगोलाचे प्रश्न, वाचकांचे: बारा वाजले तरी सावली का उरली?

प्रश्न : शून्य सावलीचा दिवस म्हणून १५ मे रोजी आम्ही मुंबईत गच्चीवर बरोबर १२ वाजता मीटरभर उंचीची काठी उभी केली. सावली नाहीशी झालीच नाही, जवळजवळ १५ सेंटीमीटर उरली. आमची तारीख चुकली का? (इयत्ता ८वी, मुंबई)

तारीख बरोबर होती, घड्याळाने घात केला. आपली घड्याळे ८२°३०′ पूर्व रेखावृत्तावरची वेळ दाखवतात. मुंबई साधारण ७२°५०′ पूर्वेला, म्हणजे त्याच्या ९°४०′ पश्चिमेला. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात, तेव्हा मुंबईचा सूर्य घड्याळापेक्षा सुमारे ३९ मिनिटे मागे असतो. त्यात आणखी एक मेख आहे. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला, त्यामुळे सूर्य वर्षभर घड्याळाशी एकाच अंतराने चालत नाही. फेब्रुवारीच्या मध्याला तो सरासरीच्या १४ मिनिटे मागे पडतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १६ मिनिटे पुढे असतो आणि मेच्या मध्याला साडेतीन-चार मिनिटे पुढे. ३९ मधून ४ वजा केले की ३५ उरतात. १५ मे रोजी मुंबईत खरी मध्यान्ह होते १२ वाजून ३५ मिनिटांनी. बाराच्या ठोक्याला सूर्य अजून पूर्वेकडे आठ-एक अंश कललेला होता आणि तेवढ्या कलाने मीटरभर काठीची सावली साडेचौदा सेंटीमीटर पडते. म्हणजे तुमचे मोजमाप उत्तम होते!

पुढच्या वेळी १२:२० लाच तयारीत बसा आणि दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूने खूण करा. काठी ओळंब्याने सरळ करा. ती एक अंश कलली तरी पावणेदोन सेंटीमीटर सावली उरते आणि मग दोष सूर्याला दिला जातो. त्या मानाने तारखेचा काटेकोरपणा फारसा लागत नाही. एक दिवस पुढेमागे झाल्यास फरक पडतो अवघ्या चार मिलिमीटरचा, आणि सूर्यबिंब अर्ध्या अंशाचे असल्याने सावलीची कडाच त्याहून जास्त पुसट असते.

नागपुरात हा दिवस २६ मेच्या सुमारास येतो आणि तिथली मध्यान्ह १२:११ ला होते. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला, तिथे तो कधीच येत नाही. मुंबईत दुसरी संधी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात असते, पण ढग ती बहुधा गिळून टाकतात. या दोन तारखांच्या मधल्या काळात मुंबईत भरदुपारची सावली दक्षिणेकडे पडते. ‘आपल्याकडे दुपारची सावली नेहमी उत्तरेला’ असे वहीत लिहिले असेल, तर ते खोडा.

प्रश्न : आजोबा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. पुस्तकात मात्र ‘भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते’ असे आहे. खरे काय? (इयत्ता ९वी, हर्णै)

दोन्ही खरे. एकच गोष्ट दोन तऱ्हांनी सांगितली आहे. षष्ठी असेल तर ६ ची पाऊणपट साडेचार. पहाटे साडेचारच्या आणि दुपारी साडेचारच्या सुमारास पूर्ण भरती. एकादशीला सव्वाआठ. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच, कारण चंद्र सूर्याच्या बाजूला असला काय किंवा समोर असला काय, पाण्याला फुगवटे दोन्ही बाजूंना येतात. पूर्ण भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास पूर्ण ओहोटी, म्हणजे तुमच्याकडची सुकती.

उशीर का होतो? पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पुरी करते तोवर चंद्र आपल्या कक्षेत सुमारे १२ अंश पुढे सरकलेला असतो. त्याला गाठायला पृथ्वीला तेवढे जादा फिरावे लागते. १२ गुणिले ४ मिनिटे म्हणजे ४८, आणि एवढ्या वेळात चंद्र आणखी थोडा सरकतो म्हणून ५०. तिथी ही चंद्र-सूर्यातल्या १२ अंशांचीच पायरी आहे, म्हणून ती भरतीच्या हिशेबाला इतकी चपखल बसते.

पाऊण तास म्हणजे मात्र ४५ मिनिटे, आणि चूक इथे शिरते. १५ तिथींचे ४५ मिनिटांनी सव्वाअकरा तासच होतात. म्हणून पौर्णिमेला सव्वाअकरा आणि लगेच प्रतिपदेला पाऊण, अशी दीड तासाची उडी येते. समुद्र अशी उडी मारत नाही. तिथीला ४८ मिनिटांनी गुणा : १५ × ४८ = ७२०, नेमके बारा तास, चक्र जुळते. पक्षाच्या सुरुवातीला दोन्ही उत्तरांत फरक जाणवत नाही, शेवटाकडे तो पाऊण तासापर्यंत जातो. पण तोंडी हिशेबाला पाऊणपटच सोपी, आणि पाण्यात कधी उतरायचे हे ठरवायला एरवी पुरेशीही. पंचांगात एखादी तिथी गळली किंवा दोनदा आली, तर उत्तरही अडखळते.

हा आडाखा कोकणच्या किनाऱ्याचा आहे, तो चेन्नईला नेऊ नका. चंद्र डोक्यावर आल्यापासून भरती किती वेळाने येईल हे प्रत्येक बंदराच्या किनाऱ्याच्या आकारावर आणि समुद्राच्या खोलीवर ठरते. खाडीत आत आत जावे तशी भरतीही उशिरा पोचते. होडी काढायची असेल तर बंदरावरचे वेळापत्रकच बघा.

आणखी एक गंमत पडताळून पाहा. उधाणाची भरती अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास येते. साहजिकच त्या दिवसांत सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी सर्वात दूर गेलेले असते. शंख-शिंपले आणि खडकांतली डबकी पाहायला हीच वेळ. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा पाणी ना फार चढते ना फार उतरते.

प्रश्न : वाईत पावसाळ्यात डोंगरावरून ढग येताना दिसतात, तरी पाऊस महाबळेश्वरपेक्षा इतका कमी का? (इयत्ता ७वी, वाई)

‘डोंगर ढग अडवतो’ हे वाक्य इथे गोंधळ करते. ढग येतातच, पण ते उतरणीला लागलेले असतात. चढताना हवा थंड होते, बाष्पाचे थेंब होतात आणि घाटमाथ्यावर कोसळतात. वाई महाबळेश्वरपेक्षा सुमारे ६०० मीटर खाली आहे. उतरणारी हवा दाबली जाऊन तापते, ढग विरल्यावर दर १०० मीटरला सुमारे १ अंश से. या दराने, आणि उरलेले थेंब वाटेतच विरतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर, वाईला हजाराच्याही आत.

प्रश्न : विदारण, विस्तृत झीज आणि क्षरण यांत परीक्षेत नेहमी गोंधळ होतो. (इयत्ता ९वी, पारनेर)

दोन प्रश्न विचारायचे. तुकडा जागेवरून हलला का? आणि हलवला कोणी? हलला नसेल तर विदारण. नुसत्या गुरुत्वाकर्षणाने उतारावरून खाली आला तर विस्तृत झीज. नदी, वारा, हिमनदी किंवा लाटा यांनी खणून-झिजवून नेला तर क्षरण.

रस्त्यासाठी कापलेल्या टेकडीत काळ्या दगडाचे गोळे दिसतात, त्यांचे पापुद्रे कांद्यासारखे सुटतात आणि नखाने खरवडले तर बाहेरचा थर भुसभुशीत पिवळट निघतो. हे विदारण, पाणी भेगांतून शिरून बेसाल्टमधली खनिजे बदलते. तुमच्या जवळच निघोजला कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. भोवऱ्यात सापडलेले गोटे गरगर फिरून त्याच बेसाल्टला भोके पाडतात. हे क्षरण. मुरलेल्या पावसाने जड झालेला उतार ३० जुलै २०१४ रोजी माळीणवर कोसळला, ती विस्तृत झीज. एकाच उतारावर तिन्ही गोष्टी पाठोपाठ घडू शकतात : विदारणाने माल तयार होतो, तो घसरतो, मग ओढा वाहून नेतो. प्रश्नात कोणता टप्पा विचारला आहे ते पाहून उत्तर लिहा.

प्रश्न : समोच्चरेषांवरून काढलेला माझा डोंगराचा छेद माथ्यावर टेबलासारखा सपाट येतो. (इयत्ता १०वी, जुन्नर)

शेवटच्या रेषेची दोन टोके तुम्ही पट्टीने जोडत असणार. १:५०,००० च्या स्थलनिर्देशक नकाशात दोन रेषांत साधारण २० मीटरचा फरक असतो. शेवटची रेषा ६८० ची असेल तर माथा ६८० च्या वर आणि ७०० च्या आत कुठेतरी आहे. माथ्यावर बिंदूशेजारी उंची छापलेली असेल तर ती घ्या, नसेल तर वक्र थोडा उचलून गोलसर मिटवा. दरीच्या तळाला हेच उलटे करा.

कागदाची सरळ पट्टी छेदरेषेवर ठेवून जिथे जिथे समोच्चरेषा कापते तिथे खूण करा आणि उंची लगेच तिथेच लिहा. नंतर आठवून लिहिताना हमखास एखादी रेषा सुटते. दर पाचवी रेषा जाड असते, तिच्यावरून मोजणी तपासता येते. इंग्रजी व्ही अक्षरासारख्या रेषांचे टोक जास्त उंचीच्या आकड्यांकडे असेल तर ती दरी, कमी उंचीकडे असेल तर डोंगराची सोंड.

या नकाशात १ सेंटीमीटर म्हणजे ५०० मीटर. उभे प्रमाणही तेच ठेवले तर ४०० मीटर उंचीचा डोंगर जेमतेम ८ मिलिमीटरचा दिसेल. म्हणून उभे प्रमाण १ सेंटीमीटरला १०० मीटर घेतात, डोंगर ४ सेंटीमीटरचा होतो आणि उतार खऱ्यापेक्षा पाचपट खडे दिसतात. आकृतीखाली दोन्ही प्रमाणे आणि ‘उभी वाढ ५ पट’ एवढे लिहायला विसरू नका.